डिस्नेच्या दारात नऊ माणसांचा नाश्ता

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला मोठे कुटुंब घेऊन गेले की तिकिटे आणि खोल्या यांच्या खालोखाल खर्च होतो तो खाण्यावर. तिकिटाचा दर ठरलेला असतो, त्यात घासाघीस नाही. दुपारचे आणि रात्रीचे जेवण बहुधा पार्कात होते, तेही तिथल्या दराने. नाश्ता मात्र सकाळी खोलीतून निघण्याआधीच होतो. दिवसाचा हा एकच खर्च पूर्णपणे कुटुंबाच्या हातात असतो, आणि माणसे जितकी जास्त तितका त्यातला फरक मोठा.

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. ऑरलँडो शहराच्या नैऋत्येला सुमारे १०० चौरस किलोमीटर जागेत मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम हे चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि डिस्नेची स्वतःची पंचवीसच्या आसपास हॉटेले पसरली आहेत. एकेका पार्कासाठी एकेक दिवस धरला तरी मुक्काम चार-पाच दिवसांचा होतोच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुला-मुलींकडे आई-बाबा उन्हाळ्यात आले, की दोन भावंडांची कुटुंबे एकत्र येऊन इथे जाण्याचा बेत अनेक घरांत ठरतो. आजी, आजोबा, दोन जोडपी आणि ११, ७ व २ वर्षांची तीन मुले, अशी नऊ माणसे सहज होतात. पुढचा सगळा हिशेब अशाच कुटुंबाचा आहे.

डिस्नेच्या हिशेबात तीन ते नऊ वर्षांचे ते मूल. दहावे लागले की प्रौढ. त्यामुळे ११ वर्षांचा नातू तिकिटातही आणि बुफेतही मोठ्या माणसात मोजला जातो. तीन वर्षांखालच्या बाळाला तिकीट नाही आणि बुफेत त्याचे पैसेही लागत नाहीत. म्हणजे नऊ जणांत सात प्रौढ, एक मूल आणि एक बाळ. हॉटेलच्या फूड कोर्टात किंवा पार्कातल्या क्विक सर्व्हिस काउंटरवर मोठ्यांच्या नाश्त्याची एक थाळी साधारण १० ते १४ डॉलरना, मुलांची ६ ते ८ डॉलरना आणि कॉफी ४ डॉलरच्या आसपास पडते. सगळ्यांनी एकेक थाळी आणि मोठ्यांनी कॉफी घेतली तर सकाळचे ११० ते १२० डॉलर जातात. पाच दिवसांचे झाले साडेपाचशे ते सहाशे.

हाच नाश्ता दुकानातून सामान आणून केला तर? दोन गॅलन दूध, तीन-चार ब्रेड, तीन डझन अंडी, चाळीसेक केळी, सिरियलची तीन खोकी, ओट्स, लोणी, पीनट बटर, जॅम, दही आणि ज्यूस एवढे सामान शंभर डॉलरच्या आत बसते. नऊ जणांचे पाच दिवस त्यात निघतात. डॉलरला ८५ रुपये धरले तर वाचणारी रक्कम चाळीस हजार रुपयांच्या घरात जाते. फरक आणखी एका कारणाने वाढतो. फ्लोरिडात दूध, ब्रेड, अंडी, फळे, सिरियल अशा घरगुती खाद्यवस्तूंवर विक्रीकर नाही. हॉटेलात तयार मिळणाऱ्या खाण्यावर मात्र ऑरेंज काउंटीत ६.५ टक्के आणि शेजारच्या ऑसिओला काउंटीत ७.५ टक्के कर लागतो. टेबलावर बसून खाल्ले तर टीप वेगळी, आणि सहा किंवा अधिक माणसे असली तर डिस्नेची टेबल सर्व्हिस रेस्टॉरंटे १८ टक्के टीप स्वतःच बिलात धरतात. मोठ्या कुटुंबाला ती द्यावीच लागते.

पण नाश्त्याची ही बचत सकाळी ठरत नाही, खोली बुक करतानाच ठरते. डिस्नेच्या स्वस्त, म्हणजे ‘व्हॅल्यू’ गटातल्या ऑल-स्टार किंवा पॉप सेंच्युरी हॉटेलच्या साध्या खोलीत चार माणसे राहू शकतात. खोलीत छोटा फ्रीज असतो. मायक्रोवेव्ह मात्र खोलीत नसतो, तो खाली फूड कोर्टात जाऊन वापरावा लागतो. नऊ जणांनी अशा तीन खोल्या घेतल्या तर प्रत्येक खोलीत एकेक फ्रीज हाती येतो. एका फ्रीजमध्ये दूध-दही, दुसऱ्यात फळे आणि ज्यूस, तिसऱ्यात बर्फाच्या पिशव्या आणि आजोबांचे औषध, अशी वाटणी आल्याबरोबर करून टाकलेली बरी. दुधाचा पूर्ण गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरचा कॅन, घेण्यापेक्षा अर्ध्या गॅलनचे दोन घ्यावेत. ते छोट्या फ्रीजमध्ये सोयीने बसतात.

ऑल-स्टार म्युझिक आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलांत सहा जणांसाठी फॅमिली स्वीट आहेत. त्यांत दोन न्हाणीघरे आणि फ्रीज, मायक्रोवेव्ह व कॉफी मेकर असलेला ओटा मिळतो. सकाळी नऊ माणसांच्या घरात दुसऱ्या न्हाणीघराची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको. फोर्ट विल्डरनेसच्या केबिनांत आणि डिस्ने व्हेकेशन क्लबच्या एक बेडरूमच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिलांत शेगडी, भांडी, ताटल्यांसह पूर्ण स्वयंपाकघर असते, पण त्यांचे भाडेही तसेच असते. नाश्त्यात वाचवायचे आणि खोलीत घालवायचे, असे होऊ नये.

डिस्नेच्या हद्दीबाहेर राहण्याचे दोन पर्याय मोठ्या कुटुंबाला जास्त परवडतात. पहिला, मोफत गरम नाश्ता देणारी हॉटेले. होमवुड स्वीट्स, रेसिडेन्स इन, एम्बसी स्वीट्स, हॉलिडे इन एक्सप्रेस या साखळ्यांच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो, आणि पहिल्या दोघांत खोलीतच स्वयंपाकघरही असते. अंडी, बटाटे, वॉफल, सिरियल, फळे, दही, चहा-कॉफी पोटभर मिळते. नऊ जणांच्या कुटुंबाला हा फुकट नाश्ता म्हणजे रोजचे शंभर डॉलर. अडचण एकच: गर्दी. सात-साडेसातला वॉफलच्या यंत्रापुढे रांग लागते आणि नऊ जणांना एकत्र टेबल मिळत नाही. दार उघडताच पोचलेल्या कुटुंबाला हा त्रास होत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे किसिमी आणि डेव्हनपोर्ट भागातली, हायवे १९२ च्या आसपास भाड्याने मिळणारी घरे. चार ते आठ बेडरूम, मोठा फ्रीज, गॅस किंवा विजेची शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र, असे आख्खे घरच आठवड्यासाठी मिळते. आजीला स्वतःच्या हाताने फोडणी घालता येते. पण इथे राहणाऱ्याला गाडी लागते; नऊ जणांना मोठी व्हॅन किंवा दोन गाड्या. पार्कातले पार्किंग गाडीमागे दिवसाला सुमारे ३० डॉलर पडते, डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ते मोफत असते. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना रोज पार्क उघडण्याआधी अर्धा तास आत जाता येते, तो अर्धा तासही हातचा जातो. हे सगळे मांडूनही सहाच्या पुढे माणसे असलेल्या कुटुंबाला घरच बरे पडते.

सामान आणण्यासाठी पब्लिक्स, वॉलमार्ट, टार्गेट, आल्डी ही दुकाने पार्कापासून गाडीच्या टप्प्यात आहेत. पब्लिक्स जरा महाग, वॉलमार्ट आणि आल्डी स्वस्त. गाडी नसेल तर इन्स्टाकार्टसारख्या सेवेने हॉटेलवर सामान मागवता येते. सामान उतरवून घेण्याचे पैसे हॉटेल घेते का, हे आधी विचारावे. ऑरलँडोत भारतीय किराणा दुकानेही आहेत. तिथे पोहे, रवा, मेतकुटापासून तयार थेपल्यांपर्यंत सगळे मिळते. भारतातून थेट येणाऱ्यांनी बॅगेत काय भरावे याबाबत सावध राहणे बरे. अमेरिकेत उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू कस्टम्सच्या जाहीरनाम्यात सांगावी लागते. ताजी फळे, भाज्या आणि मांस चालत नाही, आणि भारतासारख्या देशांतून प्रवाशाने तांदूळ किंवा हरभरे नेण्यावर खप्रा भुंग्याच्या धास्तीने बंदी आहे. चकल्या, शंकरपाळे, भाजलेला कोरडा फराळ, मसाले सांगून न्यावेत. धान्य तिथेच घ्यावे.

हॉटेलच्या साध्या खोलीत शेगडी नाही आणि आगीच्या भीतीने हॉटप्लेट, राइस कुकर लावायला बहुतेक हॉटेलांत मनाई असते. भारतातून नेलेल्या विजेच्या किटलीचाही उपयोग होत नाही. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, अमेरिकेतली १२०. पिन बदलणारा अडॅप्टर लावला तरी व्होल्टेज निम्मे, म्हणून किटलीची उष्णता जेमतेम पावपट. एक लिटर पाण्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. उलट खोलीत कॉफी मेकर असेल तर तोच पाणी तापवतो. कॉफी न घालता एकदा नुसते पाणी सोडून ते ओतून टाकायचे, म्हणजे कॉफीचा वास जातो. पुढच्या वेळी निघणारे पाणी चहाला आणि ओट्सला चालते.

या कढत पाण्यावर काय काय होते? ओट्स झाकून ठेवले की तीन-चार मिनिटांत फुलतात. त्यात केळे चुरून बेदाणे घातले की मुलेही खातात. गरम पाणी ओतून खायचे उपमा-पोह्यांचे तयार मिक्स भारतीय दुकानात मिळतात. पण मराठी स्वयंपाकात शेगडीविना होणारे पदार्थ मुळातच आहेत. मेतकूट-दही ब्रेडला लावले तरी छान लागते. शेंगदाण्याची कोरडी चटणी लोण्याबरोबर ब्रेडमध्ये घातली की पीनट बटरपेक्षा चवदार सँडविच होते, आणि आजी-आजोबा ते आवडीने खातात. पातळ पोहे, ओले किंवा सुके खोबरे, लिंबू, मीठ, साखर आणि कोथिंबीर कालवून झाकून ठेवले की दडपे पोहे तयार. फोडणी हवीच असेल तर अमेरिकेतल्याच घरून तेलात मोहरी, हिंग, मिरची घालून छोट्या बरणीत भरून आणावी. दूध घालून कणीक भिजवलेल्या दशम्या पूर्वीपासून प्रवासाचे खाणे आहेत. न्यू जर्सीहून किंवा टेक्सासहून निघताना करून घेतल्या तर पहिले दोन दिवस निघतात. थीम पार्कसाठी दशमीहून चांगले काही नाही: चुरा होत नाही, ओघळत नाही, हातात धरून चालता चालता खाता येते.

सकाळची वेळ मात्र रात्रीच सांभाळावी लागते. पार्क ९ ला उघडत असेल तर हॉटेलच्या पाहुण्यांना ८:३० ला प्रवेश मिळतो. त्याआधी फाटकावर उभे राहणे, ज्याला तिथे ‘रोप ड्रॉप’ म्हणतात, हाच लांब रांगांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी सव्वासातच्या बसने निघावे लागते. नऊ माणसांनी साडेसहाला उठून आवरायचे, नाश्ता करायचा आणि निघायचे, तर ब्रेडला लोणी लावायला सकाळी कोणालाच वेळ नसतो. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी टेबलावर नऊ पिशव्या मांडल्या जातात. प्रत्येक पिशवीवर नाव. आत एक सँडविच, एक केळे, मूठभर सुका मेवा, कागदी रुमाल. सात वर्षांच्या मुलीच्या पिशवीत सँडविचऐवजी सिरियल. आजोबांच्या पिशवीत केळ्याऐवजी सफरचंद. सकाळी आजीच्या हातात चहाचा कागदी पेला असतो, मुले पलंगावर बसून सिरियल खातात, आणि वाडगी धुण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण कागदी वाडगी आदल्या दिवशीच घेतलेली असतात. एखाद्या दिवशी उशीर झाला तर पिशव्या तशाच उचलायच्या आणि पार्काच्या दारात रांगेत उभे राहून नाश्ता उरकायचा. तासाभरात आत तीन-चार राइड होतात; फूड कोर्टाच्या रांगेत तोच तास गेला तर दुपारी एकेका राइडला तासतास उभे राहावे लागते. दिवसाच्या तिकिटाला माणशी शंभराहून जास्त डॉलर मोजले असताना सकाळची वेळ ऑम्लेटची वाट पाहण्यात घालवणे महागच.

पिशव्या आत नेता येतात, हे मराठी कुटुंबांना सांगितले तरी आधी पटत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे आत सोडत नाहीत. डिस्ने वर्ल्डमध्ये खाणे आणि मद्याशिवायचे पेय नेण्यास परवानगी आहे. अटी थोड्या आहेत: तिथे गरम करावे लागेल असे काही नको, उग्र वासाचे नको, काचेची बरणी नको (बाळाच्या खाण्याची चालते), सुटा बर्फ किंवा ड्राय आइस नको. कूलर सुमारे ६१ × ३८ × ४६ सेंटिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. बर्फाऐवजी गोठवलेल्या जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. पाणी विकत घेण्याची गरज नाही. शीतपेये देणाऱ्या कोणत्याही क्विक सर्व्हिस काउंटरवर मागितले की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. पावणेचार-चार डॉलरची बाटली नऊ जणांनी दिवसातून दोनदा घेतली तर नाश्त्यात वाचवलेले बरेचसे पाण्यात जाते.

फ्लोरिडाचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा दमट असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की शिजवलेले किंवा नासणारे खाणे बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून उकडलेली अंडी, दही, दूध, दडपे पोहे खोलीतच संपवावेत. पार्कात जावे ते ब्रेड-चटणी, दशमी, फळे, सुका मेवा, चिवडा. दहा-साडेदहाच्या सुमारास मुलांना हमखास भूक लागते. त्या वेळी पिशवीतले केळे हाती दिले तर सात-आठ डॉलरचे मिकीच्या आकाराचे प्रेट्झेल दुपारपर्यंत टळते. बाळासाठी चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे. तिथे मायक्रोवेव्ह, उंच खुर्च्या आणि बेसिन असते. दोन वर्षांच्या मुलाचे नाचणीचे सत्त्व किंवा मऊ भात तिथे गरम होतो, आणि उन्हाचा शेक लागत नाही अशी थंड जागाही मिळते. मधुमेह असलेल्या आजोबांनी नाश्ता न करता बसमध्ये बसू नये. इतरांचा नाश्ता पुढे ढकलला तरी चालेल, त्यांचा नाही.

विकत घेण्याचीच वेळ आली तर डोके वापरावे. क्विक सर्व्हिसमध्ये मोठ्या माणसालाही मुलांची थाळी मागवता येते आणि पुष्कळांना ती पुरते. मोठ्यांच्या एका थाळीत दोन मुले जेवतात. डिस्नेच्या अ‍ॅपवरून मोबाइल ऑर्डर केली तर रांग टळते आणि नऊ जणांची बेरीजही आधी डोळ्यांसमोर येते. हॉटेलात मिळणारा पुन्हा पुन्हा भरून घेण्याचा मग २० डॉलरच्या पुढे पडतो आणि तो पार्कांत चालत नाही; दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुटुंबाने तो घेऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेला डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरण्याची डिस्नेची योजना, घेतला असेल, तर त्यातले जेवणाचे क्रेडिट नाश्त्यावर खर्च करू नये. सकाळच्या स्वस्त थाळीला आणि रात्रीच्या महाग थाळीला एकच क्रेडिट लागते.

उरतो तो मुलांच्या हट्टाचा कॅरेक्टर ब्रेकफास्ट. कंटेम्पररी हॉटेलातल्या शेफ मिकीजमध्ये मिकी, मिनी, डोनाल्ड टेबलाशी येऊन फोटो काढून घेतात. अलीकडचा दर मोठ्यांना साधारण ५० ते ५५ डॉलर आणि मुलांना ३० ते ३५ डॉलर आहे. कर आणि १८ टक्के टीप धरून आपल्या नऊ जणांचे बिल पावणेपाचशे ते सव्वापाचशे डॉलर होते. म्हणजे पाच दिवसांची सगळी बचत एका सकाळी. तरीही तो एकदा करावासा वाटला तर दोन गोष्टी पाळाव्यात. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा सकाळी उशिराची, साडेदहाच्या आसपासची वेळ घ्यावी. खोलीत नुसता चहा-बिस्किट घेऊन तिथे पोटभर खाल्ले की दुपारचे जेवण वाचते. दुसरे, सगळ्यांनीच जायला हवे असे नाही. आई-बाबांनी मुलांना घेऊन जावे आणि आजी-आजोबांनी काका-काकूंबरोबर हॉटेलच्या तळ्याकाठी निवांत नाश्ता करावा. चौघांचेच बिल होते, आणि टेबलावर सहा माणसे नसल्याने टीप स्वतःहून ठरवता येते.

ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांत नियम अधिक कडक आहेत. थोडा खाऊ, बाळाचे अन्न आणि औषधापुरते खाणे चालते. कूलर आणि मोठ्या पिशव्या चालत नाहीत, उष्णतारोधक मऊ पिशवी अगदी लहान असावी लागते. ज्या दिवशी तिकडे जायचे त्या दिवशी नाश्ता खोलीतच पोटभर करावा.

निघायच्या दिवशी फ्रीज रिकामा करताना सिरियल, ओट्स, चिवडा बॅगेत घालून परत नेता येतो. विमानाच्या सुरक्षा तपासणीत कोरड्या खाण्याला आडकाठी नाही. पीनट बटर, जॅम आणि दही मात्र तिथे द्रवात मोजले जाते, आणि १०० मिलीहून मोठी बरणी हातातल्या बॅगेत असली तर काढून घेतात. म्हणून त्या बरण्या शेवटच्या सकाळच्या सँडविचांत संपवून टाकाव्यात.